उदाहरण तीन, गुण दोन

११ सप्टेंबर

धाकटे,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि हात थांबला. तो तुला हवा आहे की नाही कोण जाणे. तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

तू परत पाठवलेली पुस्तिका मिळाली. पाकिटात चिठ्ठी असेल म्हणून मी ते उलटं करून झटकलं, आत बोट घालूनही पाहिलं. काही नव्हतं. नुसतं सतरावं पान दुमडलेलं होतं, तेही कोपऱ्यात नाही, चांगलं मधोमध. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. तू तर शब्दही खर्च केला नाहीस.

भाच्याने फोनवर सगळं सांगितलं. सुनेला शिक्षकांच्या प्रशिक्षणात ती पुस्तिका मिळाली आणि तिने कौतुकाने तुझ्या हातात दिली, "आई, हे मावशींनी लिहिलंय." त्या दिवसापासून तू माझं नाव काढत नाहीस. माझा फोन वाजला की स्वयंपाकघरात जातेस. तो बिचारा विचारत होता, "मावशी, तुमचं भांडण झालंय का?" मी म्हटलं, नाही रे, या वयात कसलं भांडण. त्याला बहीण होती एवढंच त्याला ठाऊक आहे. पुढचं ना तू कधी सांगितलंस, ना मी.

मी कशी शिकवते हे तुला कधी नीट सांगितलेलं नाही. बाकीचे शिक्षक आकृती काढतात, नावं देतात, मग पाठ करून घेतात. मी उलटीकडून सुरुवात करते. आधी आजार, मग अवयव. फुप्फुस शिकवायचं तर क्षयापासून आणि चुलीच्या धुरापासून. रक्त शिकवायचं तर फिकट पडलेल्या बाळंतिणींपासून. मेंदू शिकवायचा तर रंगातल्या शिशापासून. वर्गात जगाचा मोठा नकाशा आहे. जिथे जो आजार, तिथे मुलं टाचणी टोचतात. मुख्याध्यापिका म्हणतात, "तुमच्या वर्गात दहा मिनिटं बसलं की मला सगळेच रोग झाल्यासारखे वाटतात." पण मुलं विसरत नाहीत, हे त्याही मान्य करतात. म्हणून तर शिक्षण खात्याने सहा वर्षांपूर्वी माझ्याकडून ती पुस्तिका लिहून घेतली.

सतराव्या पानावर लहान आतडं आहे. तिथे जुलाबाचं उदाहरण लागणारच होतं. जगात पाच वर्षांच्या आतली लाखो पोरं अजून त्याने जातात. एका उदाहरणाशिवाय तो आकडा मुलांच्या डोक्यात शिरत नाही. मी तुझं नाव घातलेलं नाही. मुलीचा मुलगा केला, वय बदललं, कोणाला ओळखू येणार नाही याची काळजी घेतली.

तरी तुला लागलं असेल, तर ते मी समजू शकते. खात्याला कळवलं आहे की नव्या आवृत्तीतून उदाहरण तीन काढून टाका. महिनाअखेरीस होकार येईल. तेव्हा विषय मिटला असं समज आणि फोन घे.

ताई


२६ सप्टेंबर

धाकटे,

फोन घेतला नाहीस. पत्राचं उत्तरही नाही. माझंच पहिलं पत्र मी मनातल्या मनात पुन्हा वाचलं, तर ते खात्याला लिहिलेल्या अर्जासारखं वाटलं. सारवासारव करायची सवय लागली की माणूस घरच्या माणसालाही अर्जच लिहितो.

थकले आहे गं. निवृत्तीला सात महिने उरलेत आणि प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर. दोन जिने चढले की मी कठड्याला टेकून मुलांना आधी जाऊ देते, जणू शिस्त म्हणून. गुडघे दाराच्या बिजागरीसारखे कुरकुरतात. फळ्यावर वरच्या बाजूला लिहिता येत नाही, म्हणून सगळी आतडी आता खालच्या अर्ध्या फळ्यात कोंबलेली असतात. मुलं हसतात. मीही हसते.

या आठवड्यात लहान आतडंच होतं. मी नेहमीप्रमाणे जाड खरबरीत टॉवेल घेऊन गेले. आतड्याचं आतलं अस्तर असंच असतं, बारीक बारीक लव असलेलं, त्यामुळे पाणी टिपायला जागा वाढते. मग उदाहरण तीन वाचलं. पुस्तिकेत आहे तसंच वाचलं, तू आता ते वाचलेलंच आहेस: "एका चौदा महिन्यांच्या मुलाला जुलाब सुरू झाले. त्याच्या अशिक्षित आईने अंधश्रद्धेपोटी दूध व पाणी बंद केले. तीस तासांत मूल दगावले. प्रश्न अ: आईचे काय चुकले? गुण दोन."

माझ्या वर्गात चिठ्ठ्यांचा एक डबा असतो, बिस्किटांचा जुना पत्र्याचा. मोठ्याने विचारायला लाज वाटते ते मुलांनी त्यात नाव न घालता टाकायचं. शुक्रवारी शेवटच्या तासाला मी डबा उघडते. हातात येईल ती चिठ्ठी मोठ्याने वाचायची आणि तिथल्या तिथे उत्तर द्यायचं, हा नियम. माझाच नियम आहे. पाळीपासून दारूपर्यंत काय काय निघालेलं आहे त्या डब्यातून, एकदाही चिठ्ठी परत टाकली नाही.

या शुक्रवारी तिसरी चिठ्ठी निघाली. वहीच्या कोपऱ्याचा तुकडा. त्यावर होतं: "त्या आईला पाणी बंद करायला कोणी सांगितलं होतं?"

बस, एवढंच. इतक्या वर्षांत, इतक्या तुकड्यांत, कोणी विचारलं नव्हतं. शेकडो उत्तरपत्रिका मी तपासल्या. सगळ्यांनी आईचे काय चुकले ते लिहिलं आणि मी सगळ्यांना दोन गुण दिले. आईला कोणीतरी सांगितलं असणार, एवढी साधी गोष्ट एकाच्या डोक्यात आली.

मी ती चिठ्ठी वाचली नाही. घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि म्हटलं, "ही कोरी आहे." चाळीस पोरं माझ्याकडे बघत होती. त्यातलं एक तरी खोटं ओळखत होतंच.

ताई


५ ऑक्टोबर

धाकटे,

ताकाला जाऊन भांडं लपवायचं, असं माझं चाललंय. चिठ्ठी नऊ दिवस पर्समध्ये आहे. चाव्या काढायला गेलं की हाताला लागते. आज सुट्टी आहे, शेजारी कोणी नाही, तेव्हा लिहून टाकते. तुला नवीन काहीच सांगत नाही. हे जगात दोघींनाच माहीत आहे आणि तू चौतीस वर्षं तोंडातून ब्र काढलेला नाहीस. मी मात्र हे कधी कागदावरही उतरवलं नाही.

मला नोकरी लागून चार महिने झाले होते. घराण्यातली पहिली पदवीधर. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "हिला शरीरातलं सगळं कळतं." आणि मला ते खरं वाटायचं. अर्ध्या हळकुंडाने पिवळी होणं म्हणजे काय, तर ती मी, त्या वर्षीची.

तू शाळेच्या फाटकाशी आलीस. मधली सुट्टी संपत आली होती. मुंगी तुझ्या खांद्यावर होती. साखरेचा डबा दिसला की रांगत सुटायची म्हणून आपण तिला मुंगी म्हणायचो. त्या दिवशी तिने मान वर केली नाही. तू म्हणालीस, "ताई, कालपासून सारखं होतंय तिला. सासूबाई म्हणतात, भाताचं पाणी मीठ घालून दे थोडं थोडं. देऊ का?"

मी हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं. मी म्हटलं, "त्यांना काय कळतंय? दुखावलेल्या अवयवाला आराम द्यायचा असतो. एक दिवस तोंडात काही घालू नकोस. ना दूध, ना पाणी. आतडं शांत झालं की आपोआप थांबेल."

तू विचारलंस, "पाणीसुद्धा नाही?"

"पाणीसुद्धा नाही."

मग घंटा झाली. तू पाठ फिरवलीस, दोन पावलं गेलीस आणि परत वळून विचारलंस, "ताई, नक्की ना? ओठ सुकलेत तिचे." मी आतूनच ओरडले, "नक्की." आणि वर्गात जाऊन पचनसंस्थेची आकृती काढली. त्या आकृतीबद्दल विद्यापीठात माझी वाहवा झाली होती.

तो आराम कुठून आला, सांगू? कुठल्याच पुस्तकात नव्हता. मोडलेल्या हाडाला आराम देतात, हे एका धड्यात होतं, आणि मी ते आतड्याला लावलं. तो अवयव कधी बसत नाही, जुलाबात तर नाहीच. मीठ-पाणी बाहेर टाकत असतानाही एक दार तो उघडं ठेवतो: साखर मिठाचा हात धरून आत नेते आणि मागोमाग पाणी जातं. तुझ्या सासूने न शिकता सांगितलं होतं तेच दार. भातातही शेवटी साखरच असते. हे मी नंतर शिकले. आज सातवीतल्या पोरांना मी ते वीस मिनिटांत शिकवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आले, तेव्हा सगळं संपलेलं होतं. तुझी सासू भिंतीला टेकून म्हणत होती, "पाण्यावाचून मारली पोर. सांगून सांगून थकले, ऐकलं नाही हिने." सगळं घर तुझ्याकडे बघत होतं. तू माझ्याकडे बघितलंस. एकदाच. मी तिथे उभी होते, तोंड होतं, जीभ होती. मी खाली बघितलं.

तुझा नवरा वर्षभर तुझ्याशी धड बोलला नाही. सासू मरेपर्यंत येईल त्याला ती गोष्ट सांगत राहिली. तुला एक वाक्य पुरलं असतं: ताईने सांगितलं होतं. ते तू म्हटलं नाहीस. का नाही म्हटलंस, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. माझी नवी नोकरी होती म्हणून? आईचा अभिमान होता म्हणून?

आणि तू जे झाकलंस त्याचं मी काय केलं? उदाहरण केलं. पहिल्यांदा वर्गात सांगितलं तेव्हा वाटलं, चला, निदान पुढची पोरं वाचतील. तोंडात "मी" यायला हवा होता, तिथे "त्याची आई" आलं. दर वर्षी ते सोपं होत गेलं. मग अशिक्षित आलं, मग अंधश्रद्धा आली. मग ते छापलं गेलं, खाली गुण पडले. त्या सगळ्यात अंधश्रद्धा माझ्या एकटीच्याच डोक्यात होती, आणि ती माझ्याच पदवीवर होती.

क्षमा मागायला हे लिहिलेलं नाही. मागितली तर तुलाच काहीतरी द्यावं लागेल, आणि तू आधीच पुष्कळ दिलेलं आहेस.

ताई


१४ ऑक्टोबर

धाकटे,

शुक्रवारी चिठ्ठी परत डब्यात टाकली आणि सगळ्यांसमोर पहिली तीच काढली. मोठ्याने वाचली. म्हटलं, ही मागे निघाली होती, मी कोरी आहे म्हणाले, ते खोटं होतं. मग उत्तर दिलं. उभ्याने जमेना, स्टुलावर बसून दिलं.

फाटक, घंटा, माझं हसणं, सगळं सांगितलं. तुझं नाव नाही घेतलं, "माझी धाकटी बहीण" म्हटलं. खालच्या मजल्यावरचे पाढे ऐकू येत होते. मला वाटलं होतं कोणी रडेल, कोणी उठून जाईल. शेवटच्या बाकावरचा एक उंच मुलगा म्हणाला, "बाई, मग आम्ही चाचणीत आईचं चुकलं असं लिहिलं, त्याचे दोन गुण जाणार का?" पोरं ती पोरंच. मी म्हटलं, तुमचे राहू देत, माझे गेले.

मग एका मुलीने विचारलं, "तुम्ही हे आज सांगताय, ते त्या आईला माहीत आहे?" मी म्हटलं, "तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माहीत नव्हतं ते तुम्हाला."

तास संपल्यावर मुलं नेहमीसारखी धावत नाही गेली. दोघींनी माझा टॉवेल घडी करून ठेवला, खडू उचलले. जिना उतरताना एकीने हात पुढे केला, आणि मी तो धरला.

आता पुस्तिकेचं. उदाहरण तीन काढायला खात्याचा होकार आला होता. मी तो थांबवला आणि नवं पान लिहून नेलं. त्यात पाणी बंद करायला मावशीने सांगितलं असं आहे, ती जीवशास्त्राची शिक्षिका होती असंही आहे, आणि खाली माझं नाव. तिथले अधिकारी भले गृहस्थ आहेत. त्यांनी पान वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "बाई, शिक्षकांच्याच पुस्तिकेत शिक्षिकाच चुकली असं छापायचं? आणि तेही तुमच्या नावासकट? सात महिने राहिलेत तुमचे. सन्मानाने घरी जा की. उदाहरण काढून टाकू, कोणाला पत्ता लागणार नाही."

मी म्हटलं, तेच तर चौतीस वर्षं चाललंय.

शेवटी ते म्हणाले, एकतीस तारखेपर्यंत पक्कं सांगा. छापायचं की काढायचं.

हे मी ठरवणार नाही. तुझी मुलगी, तुझं पान. मागच्या वेळी तुला न विचारता लिहिलं, आता तुला न विचारता खरंही लिहिणार नाही. भाच्याच्या आणि सुनेच्या हाती ते पडणार, त्यांना सगळं कळणार, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही कळणार. तुला ते नको असेल तर काढते, आणि मग कायमचं काढते. सोबत नवं पान जोडलंय. मुलगा आणि चौदा महिने तेवढे तसेच ठेवलेत, तुझ्या घराकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून. उत्तर नाही आलं तर तो नकार समजेन. तुझ्या न बोलण्याचा अर्थ मी एकदा माझ्या सोयीने लावला आहे, पुन्हा नाही लावणार.

ताई


२९ ऑक्टोबर

धाकटे,

पाकीट शाळेच्या पत्त्यावर आलं. शिपायाने ते जिन्यातच माझ्या हातात दिलं आणि मी तिथेच, दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून, उघडलं. वरून खाली मुलं जात होती, मी भिंतीकडे तोंड केलं.

तुझं अक्षर पेन्सिलीत, अजून तसंच आहे, उजवीकडे कललेलं. शाळेत असताना मी तुझे निबंध तपासायचे आणि लाल रेघा मारायचे. आज तू माझं पान तपासलंस.

"मुलाला" खोडून "मुलीला" केलंस. "चौदा" खोडून "नऊ" केलंस. "अशिक्षित आई" जुन्या पानावरून नव्यावर तशीच उतरली होती, माझ्या लक्षातही आलं नव्हतं. ती तू खोडलीस आणि वर लिहिलंस, "आठवी पास." समासात लिहिलंस, "तिला दोन दात आले होते. खालचे." मला ते माहीत नव्हतं. मी तिची मावशी होते आणि मला ते माहीत नव्हतं.

"मावशीने सांगितले" याच्यापुढे तू आणखी दोन शब्द घातलेस: "मी ऐकले."

तुझ्या सगळ्या दुरुस्त्या मान्य आहेत. उद्याच खात्यात नेऊन देते, छापायचं म्हणून. एवढी एक मात्र मी घेणार नाही. तू नुसतं ऐकलं नाहीस. तू विचारलंस, पुन्हा विचारलंस, आणि वळून तिसऱ्यांदा विचारलंस. विसाव्या वर्षी, कडेवर पोर घेऊन, पदवीधर बहिणीला तीनदा विचारणं म्हणजे काय हे मला आता कळतं. तुझे ते दोन शब्द मी खोडरबराने पुसले. कागद थोडा फाटला, त्याला इलाज नाही.

मागच्या बाजूला तू लिहिलंयस ते मी सर्वांत शेवटी पाहिलं. घंटा होऊन गेली होती, वर्गात गलका चालू होता, वरून कोणीतरी "बाई आल्या नाहीत" असं ओरडत होतं. तू लिहिलंयस: "सुनेला सातवा लागलाय. घाबरट आहे, सारखी विचारत असते. तिला काय सांगायचं ते तू येऊन सांग."

मी पायरीवर बसले. मुलं बाजूने जात राहिली. एक म्हणाली, "बाई, पाणी आणू?" मी म्हटलं, आण.

रविवारी सकाळच्या गाडीने येते. सुनेला एकच गोष्ट सांगणार आहे: सासूला विचार.

ताई